टीराच्या रक्तातली मुकी प्रत

मी एक जुनी, अर्धवट प्रत आहे. रक्त गोठवणारे प्रथिन ज्या जनुकाच्या सांगण्यावरून तयार होते, त्याचा मधला तुकडा फार पूर्वी दुसऱ्या गुणसूत्रावर उतरला. तीच मी. मला प्रथिन घडवता येत नाही, म्हणून माझे नाव छद्मजनुक पडले. मित्रांनो, छद्म म्हणजे सोंग. मी कुणाचेही सोंग घेतलेले नाही.

मी टीराच्या शरीरात राहते. ती बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरच्या कोळ्याची मुलगी. इथल्या काही घरांत रक्त न थांबण्याचे दुखणे आहे. तिची मावशी सिग्ने बाळंतपणात त्यानेच गेली. त्या धास्तीने आई गुनव्होरने टीराचे रक्त तपासायला लावले. प्रथिन थोडे कमी भरले. वर जनुकातही चूक सापडल्याचा निरोप आला.

ऐन हेरिंग माशांच्या हंगामात आईने टीराला बापाच्या होडीवर चढू दिले नाही. जाळी ओढणे बंद, सुरी धरणे बंद. लग्नाचा विषय काढला की आई उठून जायची. एकदा टीराने लपून मासे साफ केले आणि तळहात कापून घेतला. पट्टी सापडेपर्यंत रक्त थांबलेदेखील. तसाच हात घेऊन ती, तपासणीचा निरोप धाडणाऱ्या डॉक्टर डीसांसमोर जाऊन बसली.

"हे दुखणं माझं नाही. परत बघा."

डीसांनी नकार दिला. टीरा हलली नाही. अखेर मूळ जनुक माझ्यापासून वेगळे काढून वाचले गेले. ते निर्दोष होते. आम्ही दिसायला सारखे, म्हणून पहिल्या वेळी एकत्र वाचले गेलो होतो. चूक माझ्यात होती आणि बोट त्याच्याकडे दाखवले गेले. प्रथिनाचे म्हणाल, तर काही निरोगी माणसांतही ते थोडे कमी असते.

डीसा हसून म्हणाल्या, "चला, सुटलीस. निकामी प्रतीतली, कचऱ्यातली चूक होती ती."

"कचरा कसला, बाई? तिने कुणाचं काय बिघडवलं? वाचण्यात तुम्ही चुकलात."

निकाल ऐकायला सोबत आलेल्या गुनव्होरने लेकीचा कापलेला हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. सकाळी होडी सुटली तेव्हा टीरा जाळ्यापाशी उभी होती.

मित्रांनो, मला मोडकी म्हणा, मुकी म्हणा. मी आहे तशी आहे आणि इथून हलणार नाही. पण माझ्याविषयी काही ठरवायचे असेल, तर आधी मला वेगळी वाचा. तेवढे कष्ट तुम्ही घेतले नाहीत, तर किनाऱ्यावर कुणीतरी टीरा उगाच बसून राहील.