राजकन्या पाळणाघरात

मुखेडकडून विष्णुपुरीला बांधकामावर आलेली पुनम आपल्या लहानग्या लेकीला, राजकन्येला, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं लिंबाच्या झाडाला बांधून ठेवायची. जीव तुटायचा, पण बाजूलाच कालवा होता आणि डोक्यावर विटा घेऊन रांगत्या लेकराच्या मागं धावता येत नव्हतं. अंगणवाडीत सरकारी पाळणाघर सुरू झाल्याचं तिच्या कानावर होतं. पण तिथं गावातलीच लेकरं घेतात, असं कामावरच्या बायका म्हणाल्या आणि पुनम तिकडं फिरकलीच नाही. कुणी तोंडावर नाही म्हटलेलं तिला सोसायचं नाही.

एके दिवशी पट्टीची गाठ सुटली. पुनमचं लक्ष गेलं तेव्हा राजकन्या कालव्याच्या उताराला लागली होती. हातातली पाटी फेकून पुनम धावली, लेकीला उचलून छातीशी धरलं. तिचा नवरा वीरेश सिमेंटच्या हातांनीच पळत आला.

"काही बी म्हणू दे त्यांना," तो म्हणाला. "अंगणवाडीत जाऊन इचारून तर ये."

ती तशीच, मळक्या पदरानं, लेकीला घेऊन अंगणवाडीत गेली. सेविका कावेरीबाई पोरांना खिचडी वाढत होत्या.

"बाई, आमचं आधार मुखेडचं हाय. इथं घर न्हाई, शेडात राहून राहिलो," पुनमनं दारातूनच सांगून टाकलं.

"मंग काय झालं? तू कामाला जातीस न्हवं?"

"हाव."

"मंग हे तुझ्यासारखीसाठीच हाय. तिकडच्या अंगणवाडीतलं नाव मी मोबाइलवरून इकडं करून घेते. पैसे लागत न्हाईत. इतके दिवस कुठं होतीस माय?"

पुनम उंबऱ्यावर बसली आणि तिला रडूच फुटलं. कावेरीबाईंनी तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला आणि राजकन्येला स्वतःच्या कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुनम लेकीला सोडून निघाली तेव्हा लेकीचं रडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. पुनमचं कामात चित्त लागेना. जेवणाची सुट्टी होताच ती धावत गेली, खिडकीतून डोकावली. राजकन्या सतरंजीवर शेजारच्या पोरीच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपली होती. हनुवटीला भाताचं शीत. कावेरीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

ती परत आली तेव्हा वीरेश भाकरीचं फडकं सोडून बसला होता.

"रडली का?"

"पहिलं रडली. आता घोरून राहिली," पुनम म्हणाली आणि कित्येक दिवसांनी सैल मांडी घालून जेवायला बसली.