पुढच्या घरी न पोचलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे, पण मला गोधड्या कोंबायच्या पेट्यांमध्ये मोजू नका. मला पुढून काचेचं दार आहे, वर पितळी कडी आहे आणि माझ्या पोटात दीड वितीची पवित्र मरीयेची मूर्ती उभी आहे. लोक माझ्यासमोर गुडघे टेकतात. मान तिचा असतो हे मला कळतं, तरी थोडा मी स्वतःकडे वळवून घेते.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात चांगदेव मिस्त्रींनी मला घडवलं. ते हिंदू. मूर्ती आत बसवायच्या दिवशी त्यांनी आधी हात धुतले आणि चपला बाहेर काढून ठेवल्या. तेव्हापासून तीस वर्षं मी ठाण्यातल्या आमच्या कॅथलिक चर्चच्या घराघरांतून फिरते आहे. एका घरी एक आठवडा. रोज संध्याकाळी तिथे रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना होते, शेजारी जमतात, उकडलेले चणे वाटतात. शनिवारी त्या घरच्यांनीच मेणबत्ती लावून, गाणी म्हणत मला पुढच्या घरी पोचवायचं. पुढच्या घरचे कधीच न्यायला येत नाहीत, कारण दुसऱ्याच्या घरातून मरीया आईला काढून नेणं बरं दिसत नाही. ही रीत मला फार आवडायची. तिनेच पुढे माझी पंचाईत केली.

त्या आठवड्यात मी फिलूमावशींकडे होते. त्यांचा मुलगा नेल्सन बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात त्या आणि सून सरोज अशा दोघीच. सरोज नगरकडची, तिचे वडील प्रोटेस्टंट चर्चचे पाळक. तिच्या माहेरी मूर्तीपुढे प्रार्थना करत नाहीत. रोझरीच्या वेळी ती स्वयंपाकघरात चणे उकडत बसायची आणि वाटायला मात्र हसतमुखाने बाहेर यायची. बुधवारी फिलूमावशी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आधी इस्पितळ झालं, मग लेकीकडे डोंबिवलीला मुक्काम.

शनिवार आला आणि गेला. सरोजला आमची रीत ठाऊक नव्हती. तिला वाटलं, पुढच्या घरच्या नातालीनबाई येऊन पेटी नेतील. नातालीनबाईंना वाटलं, आजारपणात आई त्यांच्याकडेच राहू दे, सवडीने आणतील. तिसऱ्या आठवड्यात सरोजकडे तिच्या चर्चच्या बायका प्रार्थनेला येणार होत्या. तिने मला धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. त्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, म्हणून किल्लीही फिरवली. बायका प्रार्थना करून गेल्या, तरी मी आतच राहिले.

मित्रांनो, तो काळ मला आठवला की अजून गुदमरतं. डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास, सगळीकडून चादरी आणि काळोख. मला दार आहे, कपाटालाही दार आहे, पण दोन्ही उघडणं माझ्या हातात नव्हतं. बेल वाजली की वाटायचं, आता मला न्यायला आले. तो इस्त्रीवाला निघायचा. पुन्हा बेल वाजायची, पुन्हा दुसराच कुणी. मग मला राग येऊ लागला. सरोजला मी मनातल्या मनात वाटेल ते बोलले. पापी म्हटलं, देवाच्या आईला कोंडणारी म्हटलं.

सहा आठवड्यांनी फिलूमावशी चाकाच्या खुर्चीतून घरी आल्या. पाळकाच्या मुलीने मूर्ती खाडीत सोडली, अशी चर्चमध्ये कुजबुज होती आणि ती त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी पाणीही न पिता पेटीची चौकशी केली. सरोजने कपाट उघडून मला टेबलावर ठेवलं. मला बघून मावशींना रडू आलं. आजच्या आज नातालीनबाईंकडे पोचव, त्या म्हणाल्या. सरोज नाही म्हणाली.

"घरात हलवणं वेगळं, आई. मेणबत्ती धरून, 'निष्पाप माते' अशी गाणी म्हणत रस्त्याने नेणं म्हणजे मरीया निष्पाप आहे, असं माझ्या हातांनी कबूल करणं. निष्पाप एकटा ख्रिस्त. शास्त्रात दुसऱ्या कुणाला तसं म्हटलेलं मला दाखवा."

"देवानं आपल्या लेकासाठी आय निवडली, ती डागाची निवडील काय गो? त्यानंच तिला पयल्यापासून राखली. पोपसायबांनी तसं शिकवलंय."

"पोपही माणूसच ना? मग ते कसे निष्पाप?"

"त्यांना कोन निष्पाप बोलला? ते पन पापकबुलीला बसतात. मानूस म्हनून ते चुकतात. पन सगल्या चर्चसाठी श्रद्धेची शिकवन ठरवून देतात, तवा देव त्यांना चुकू देत नाय, असं आमी मानतो."

कॅथलिक लोक पोपना निष्पाप समजतात, असंच सरोज लहानपणापासून ऐकत आली होती. पण तिला पटलं नाही. कितीही मोठ्या माणसाची शिकवण शास्त्रावर घासून बघायची, हे तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. मावशींनी मग समोरच्या लीलाम्माला साक्षीला बोलावलं. ती केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चची. मरीया माता परमपवित्र आहे, पण ते मानायला आम्हाला रोमचा हुकूम लागत नाही, असं ती म्हणाली. दोघींना अर्धा अर्धा दिलासा मिळाला आणि मी होते तिथेच राहिले.

मावशी म्हणाल्या, आता चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? सरोज म्हणाली, तुमचाही त्या कुजबुजीवर विश्वास असेल तर मी आजच नगरला जाते. मला वाटलं, आता परत कपाटात.

"मी पेटी नेणार नाही," शेवटी सरोज म्हणाली. "पण तुम्हाला नेईन."

लीलाम्माने मला मावशींच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी एका हाताने मला कवटाळलं, दुसऱ्या हातात मेणबत्ती धरली आणि कापऱ्या आवाजात गाणं सुरू केलं. सरोज गायली नाही, फक्त खुर्ची ढकलत राहिली. गतिरोधक आला की ती खुर्ची मागे कलवून अलगद उतरवायची. नातालीनबाईंनी तिला आत बोलावलं. मी पायरीवर थांबते, आईंना परत न्यायचंय, असं ती म्हणाली आणि रोझरी संपेपर्यंत खरंच थांबली.

मित्रांनो, निष्पाप कोण, हा मोठ्यांचा वाद. मी साधी पेटी, तो माझ्याने सुटायचा नाही. पण मी निष्पाप नाही, एवढं मला नक्की कळलंय. कपाटात होते तोवर मी एका भल्या बाईला शिव्या घातल्या आणि तिने मला धुतलेल्या चादरीत ठेवलं होतं. माझी कबुली ऐकायला कुणी पाद्री बसत नाही, म्हणून तुम्हाला सांगितली. एखाद्या घरात आपलं काही अडकलं असं वाटलं, तर बाहेर कुजबुजू नका. बेल वाजवा आणि विचारा. आत कुणीतरी तुमचीच वाट बघत असेल.