बत्तीस नंबर अजून पाण्यात आहे

मंगळवारी सकाळी शिट्टी वाजली, सगळी मुलं तळ्यातून बाहेर आली आणि फळ्यावर एक बिल्ला लालच राहिला.

तळ्याकाठच्या या शिबिरात माणसापेक्षा बिल्ल्याला जास्त मान होता. पाण्यात उतरताना धक्क्यावरच्या फळ्याला आपल्या नंबरचा लाकडी बिल्ला लाल बाजूने अडकवायचा. बाहेर आलं की ओल्या पायांनी तडक फळ्याशी जाऊन तो पांढऱ्या बाजूला उलटवायचा. ज्याचा बिल्ला त्यानेच. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणं हे दुसऱ्याचा टूथब्रश वापरण्याइतकंच वाईट मानलं जायचं.

शिट्टीसरांनी तीनदा डोकी मोजली. एकतीस.

"म्हणजे बत्तीस नंबर पाण्यात आहे," ते म्हणाले.

"सर, पण शिबिरात एकतीसच मुलं आहेत," वकील म्हणाली. वकील पंधरा वर्षांची होती आणि झोपेतसुद्धा मुद्दे मांडायची.

"म्हणजे तो कोण आहे हेही आपल्याला माहीत नाही. हे तर त्याहून गंभीर."

सरांनी तासभर बुड्या मारल्या. एक किटलीचं झाकण आणि गेल्या वर्षीची एक चप्पल सापडली. मग त्यांनी धक्क्याला साखळी लावली, फळ्याकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून खुर्ची टाकली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. बत्तीस नंबर बाहेर येऊन बिल्ला उलटवत नाही, तोवर तळं बंद.

सगळी मुलं हळूहळू विषमकडे वळून बघायला लागली.

विषम तेरा वर्षांची. बत्तीस नंबरचा बिल्ला मुळात तिच्या जोडीदारणीचा होता. जोडीदारणीला पहिल्याच रविवारी गालगुंड झालं, ती घरी गेली आणि सरांनी तिचा बिल्ला स्वयंपाकघराच्या सरपणात टाकला. उरली एकतीस मुलं, त्यांत हिला जोडी नाही, म्हणून नाव पडलं विषम. जोडीशिवाय खोल पाण्यात जाता येत नव्हतं. खोल पाण्यात न जाता तळ्यामधल्या तराफ्यापर्यंत पोहता येत नव्हतं. आणि तराफ्याला हात लावल्याशिवाय निळी टोपी मिळत नव्हती. परीक्षा शनिवारी होती. टोपी नसलेल्यांना शेवटच्या दिवशी होड्यांच्या शर्यतीत लाइफ जॅकेट घालून 'बदक' नावेत बसावं लागे, सात वर्षांच्या पोरांबरोबर. विषम गेली दोन वर्षं बदकात बसली होती.

"ताई, मी खिडकीकडची जागा धरलीय तुझ्यासाठी," तिची सात वर्षांची बहीण म्हणाली. नावेला खिडकी नव्हती. पण भावना पोचली.

रात्रीच्या जेवणाला वकील समोर येऊन बसली. "मी आरोप करत नाहीये. मला फक्त एवढंच विचारायचंय, की बत्तीस नंबर असण्यात फायदा कुणाचा?"

"तळं बंद झालंय. यात माझा फायदा कसा?"

"अंगाशी आलेला डाव पण डावच असतो."

विषमलाही आता सगळ्यांचा संशय येऊ लागला. वकीलबाईंकडे गेल्या वर्षापासून निळी टोपी होती, आणखी चार जणींना मिळाली तर तिची टोपी साधी टोपी होणार होती. धाकट्या बहिणीला बदकात सोबत हवी होती. सर तर दुर्बिणीमागून काय बघतात कोण जाणे. बुधवारी रात्री तिला स्वतःचाच संशय आला, पण मंगळवारी पहाटे ती झोपलेली होती, हे तिला चांगलं आठवत होतं.

त्यात ताटाचा प्रकार. सरांनी मावशींना, म्हणजे स्वयंपाकीणबाईंना, सांगितलं, "फळ्यावर बत्तीस, तर ताटंही बत्तीस. उपाशी माणूस बाहेर यायला उशीर करतो." मावशींनी निमूटपणे बत्तिसावं ताट वाढून खिडकीत झाकून ठेवलं. भांडी गोळा करताना ते रिकामं निघालं. गुरुवारीही रिकामं. मुलं खिडकीपासून लांब बसायला लागली.

शुक्रवारी दुपारी सरांनी विषमला बटाटे सोलायला बसवलं. "संशय म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले, "पण बटाटे सोलायचेच आहेत."

मावशी कांदा चिरत होत्या, नेहमीप्रमाणे पोहण्याचा चष्मा लावून. कांदा डोळ्यांना झोंबू नये म्हणून. अख्खं शिबिर त्यावर हसायचं. विषमही हसायची. पण आज ती पहिल्यांदाच इतक्या जवळ बसली होती आणि चष्म्याच्या पट्ट्यात तिला काहीतरी हिरवं दिसलं.

"मावशी, कांद्याला शेवाळ येतं?"

सुरी थांबली.

"कधीकधी," मावशी म्हणाल्या.

"मंगळवारी नाश्त्याला दूध करपलेलं होतं."

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझं काम काय गं, बटाटे सोलणं की मला सोलणं?" मग दाराकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "सरपणातला तो बिल्ला लावून रोज पहाटे तराफ्यापर्यंत जाऊन येते. स्वयंपाकघरातल्यांना तळ्यात मनाई आहे, माहीत आहे मला. मंगळवारी मध्येच करपल्याचा वास आला. बाहेर पडले ती थेट चुलीकडे धावले."

"पण चोरून पोहायचं तर बिल्ला कशाला लावायचा?"

मावशींना हा प्रश्न कळलाच नाही. "अगं, बिल्ला न लावता पाण्यात कसं जायचं? काही झालं म्हणजे?"

"आणि ताट?"

"माझंच नाही का ते? बारा वर्षांत पहिल्यांदा गरम जेवले."

"मग नुसता उलटवून टाका ना. सर पाठ करून बसलेत."

"कोरड्या पायांनी?" मावशी दुखावल्यासारख्या म्हणाल्या. "पाण्याला साखळी लावलीय. पाय ओले करू कुठे?"

विषमने बटाटे धुवायच्या बादलीकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. नियमात पाणी कुठलं असावं ते लिहिलं नव्हतं.

पाच मिनिटांनी मावशी सरांना चहा घेऊन गेल्या. कप ठेवला, मागे फिरल्या, बिल्ला उलटवला आणि परत आल्या. लाकडी धक्क्यावर ओली पावलं उमटली, जातानाची आणि येतानाची.

चहा संपल्यावर सरांनी ती पाहिली. मग फळा पाहिला. पावलांच्या मागोमाग ते स्वयंपाकघरात आले.

"इथे कुणी ओलं आलं होतं?"

"आलं होतं," मावशी म्हणाल्या. "आता बरंय त्याला."

"तीन दिवस पाण्यात. भूक लागणारच." सरांनी नोंदवही काढून लिहिलं, 'बत्तीस, सुखरूप बाहेर. उशिराबद्दल शिक्षा : शिबिर संपेपर्यंत सगळी भांडी घासणे.'

"घासेल बिचारं," मावशी म्हणाल्या.

शनिवारी साखळी निघाली. जोड्या धक्क्यावर उभ्या राहिल्या, आणि टोकाला एकटी विषम.

"माझी जोडी बत्तीस," ती म्हणाली.

"माझी हरकत आहे," वकील म्हणाली. "बत्तीसला हजर करा."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. विषमने मात्र स्वयंपाकघराकडे बघायचं टाळलं. मावशींना नोकरी होती, हिला फक्त टोपी हवी होती. ती मान खाली घालून बदकाच्या दिशेने निघाली, तेवढ्यात मागे दार वाजलं. मावशी आल्या, अॅप्रन काढून घडी करून खांबावर ठेवला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बत्तीस नंबर लाल बाजूने अडकवला.

सर बराच वेळ त्यांच्या पायांकडे बघत होते. "स्वयंपाकघरातल्या माणसांना तळ्यात मनाई आहे," ते म्हणाले.

"तुमची वही काय म्हणते? बत्तीस नंबर कुठला?"

सरांनी वही उघडली. स्वतःचंच अक्षर दोनदा वाचलं. "बत्तीस तळ्यातला आहे," ते सावकाश म्हणाले. "भांडी ही शिक्षा आहे." आणि शिट्टी फुंकली.

अर्ध्या वाटेत विषमचा दम गेला. पाय जड झाले, तराफा जागचा हलेना.

"मावशी, मला नाही जमत."

"मलाही भांड्यांचा कंटाळा येतो. हात मार."

तिने हात मारले, मोजलेही नाहीत, आणि एकदम बोटांना ओलं लाकूड लागलं. धक्क्यावरून बहीण ओरडत होती की जागा आता ती दुसऱ्याला देतेय.

मावशी तराफ्याला धरून हवेत काहीतरी हुंगत होत्या.

"काय झालं?"

"दूध," मावशी म्हणाल्या आणि किनाऱ्याकडे सुटल्या.

"मावशी," विषम मागून हात मारत म्हणाली, "आधी बिल्ला."