वासराला चीक, नातीला मध

आमची तांबू व्याली त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या यमुनाबाईंची सून मालन बाळंत झाली. पावस गावातल्या आमच्या वाडीत दोन्ही बातम्या एकदमच पोचल्या, पण आधी चौकशी झाली ती गाईची. त्यात गैर काही नाही. बाळंतिणीचा खरवस होत नाही.

मी पोथी वाचून, गाईला घास देऊन हात धुते आहे तोच यमुनाबाई तांब्या घेऊन दारापुढच्या खळ्यात हजर. सोयर म्हणून लांबच उभ्या राहिल्या. मुलगा मुंबईहून येणार होता, त्याला खरवस आवडतो, तेव्हा पहिल्या धारेचा चीक हवा. वर मला शिकवलंही: आधी वासराला पोटभर पाजा, चीक चुकला तर वासरू हातचं जातं. गुरांत त्यांची चाळीस वर्षं गेली. म्हणणं खरंच होतं.

मी नातीचं विचारलं. नात मधाच्या बोटावर होती. मालनचं दूध तिसऱ्या दिवसापर्यंत पिळून टाकायचं, कारण ते नऊ महिने कोंडलेलं, पिवळं, पोरीच्या पोटाला विष. उपकेंद्राच्या नर्सबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, की तेच पाजा, पोर सुकतेय. पण नर्सबाई बिनलग्नाच्या, त्यांना दुधातलं काय कळणार, असा घरात निकाल लागला होता. यमुनाबाईंना गाईच्या दुधातलं कसं कळतं, हे मी विचारलं नाही. सकाळी वाद घालायचा नाही, असा माझा नेम आहे.

नुसती त्यांच्या मागोमाग गेले. आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यावं लागणार होतं, ते घेऊ म्हटलं. मालन भिंतीकडे तोंड करून बसली होती, चोळी भिजलेली. पोर रडायला तोंड उघडत होती, आवाज मात्र येत नव्हता.

मी यमुनाबाईंना म्हटलं, "तुमचं पटलं मला. आजपासून वासरालाही मधाचं बोट."

"वैनी, असं नका करू हो. मरेल ते."

"आणि ही?"

"जनावराचं वेगळं. त्याला पचतं."

आता त्यांना पटेल अशाच भाषेत बोलणं आलं. मी हळूच सांगितलं, "माझा गोग्रासाचा नेम आहे. ज्या घरात लेकरू आईच्या चिकावाचून आहे, तिथे माझ्या गाईचा चीक चालत नाही. दिला तर गाय आटते. आणि आटली तर वाडी नाव घेईल ते तुमचं."

असा नेम कुठल्याच पोथीत नाही. पण पोथी वाचणारी वाडीत मी एकटीच.

यमुनाबाई विचारात पडल्या. नातीसाठी नर्सबाईंचं ऐकणं म्हणजे कमीपणा. गाईसाठी माझं ऐकण्यात पुण्य होतं. त्यांनीच पोर उचलून मालनच्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "पाज गो बाय, दुसऱ्याची गाय आटायची."

पोरीने दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा धरलं. मालनने पदर तोंडावर ओढून घेतला आणि खांदे हलायला लागले. मी वासराचं पोट भरल्यावर उरलेला चीक तांब्यात घालून पाठवला, आणि खोट्यापायी एक उपास जास्तीचा धरला.

दुसऱ्या दिवशी पोरीचं रडणं आमच्या ओटीपर्यंत ऐकू आलं. पाठोपाठ यमुनाबाईंचा आवाज. त्या नर्सबाईंना समजावून सांगत होत्या, की पहिलं दूध कधी फुकट घालवू नये, आमच्या घराण्यात पूर्वीपासून तशीच रीत आहे. नर्सबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.