डोंगरातून निघालं काय?

"आधी च्या घ्या म्याडम, मग सांगा," राजमहंमद म्हणाला.

श्रेया उंबऱ्यातून आत आली तेव्हाच त्याला तिच्या चेहऱ्यावर उत्तर दिसलं होतं. पण वाईट बातमी कपभर चहाइतकी तरी लांबवता येते. श्रेया बसली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला पांढरा दगड तिनं सहज उचलला आणि तिचं मनगट खाली गेलं.

"बराइट! आपल्या डोंगरातलाच ना चाचा?"

"तिथलाच. दिसतो एवढासा, पण लई जड."

श्रेया भूवैज्ञानिक. गाव इकडचंच, अवसरी खुर्द; नोकरी तिकडे विदर्भात. मागच्या वर्षी चुनखडीच्या तिथल्या एका जुन्या डोंगराची पुन्हा तपासणी निघाली, तेव्हा तिनं राजमहंमदला इथं ओतुरात शोधून काढलं. त्या डोंगरावर ड्रिल मशीन चालवलेल्यांपैकी तेवढाच एक हयात होता. गुडघे कुरकुरत असतानाही तो गेला आणि झुडपं बाजूला सारून त्यानं तिला जुने होल दाखवले. निकाल लागला की आधी तुम्हाला सांगीन, असं तेव्हा ती म्हणाली होती. म्हटल्याप्रमाणे ती आली, हेच पुष्कळ होतं.

राजमहंमदची उमेदीची सगळी वर्षं त्या डोंगरात गेली होती. खडकात होल पाडायचा, आतून मनगटाएवढे दगडाचे दांडके काढायचे आणि पेटीत ओळीनं मांडायचे. होल संपला की तोंडाशी सिमेंट भरायचं आणि ते ओलं असतानाच खिळ्यानं वर होलचा नंबर, खाली खोली, त्याखाली तारीख कोरायची. अक्षर चांगलं म्हणून हे काम नेहमी त्याच्याकडेच असे. रजेवर गावी आला की लोक विचारत, "पाणी लागलं का राव?" ते तो हसण्यावारी नेई. बायकोचं, जोहराबीचं, विचारणं मात्र हसण्यावारी नेता येत नसे.

"एवढं घरदार सोडून बसता," ती म्हणे, "निघालं काय त्या डोंगरातून?"

"शिसं हाय, जस्त हाय, ह्यो जड दगड हाय. पण थोडं थोडं."

"म्हंजी तुमच्यावानीच," जोहराबी म्हणे. "हाय, पण थोडं थोडं."

एका रजेत त्यानं हा दगड आणला. तिला तो लोणच्यावर दडपण म्हणून हवा होता. त्यात शिश्याचे चकचकीत ठिपके होते म्हणून त्यानं स्वयंपाकघरात शिरू दिला नाही. तेव्हापासून तो दाराशी पडला. पुढं तापाचं निमित्त होऊन जोहराबी गेली, तेव्हा राजमहंमद डोंगरावर होता. गाड्या बदलत घरी पोचला तोवर माती झाली होती. कबर कुठली ते मुलानं, दानियालनं, दाखवलं. उशाशी नदीतला एक काळा धोंडा होता, बस्स. राजमहंमदनं तिथंच ठरवलं, खाण निघाली की तिथला दगड हिच्या उशाशी लावायचा. दगडाबरोबर उत्तरही द्यायचं. त्याशिवाय कुठल्या तोंडानं यायचं?

चहा संपला.

"चाचा, तुमचे सगळे होल तपासले," श्रेया म्हणाली. "खनिज आहे. पण चुनखडीत जिथं पोकळ्या होत्या तेवढ्यातच बसलंय. एक इथं, एक तिकडं. मधे सगळा कोरा खडक. खाण नाही व्हायची."

"आनखी खाली जाऊन पाहिलं तर?"

"मीही तेच मागितलं होतं. वरचे नाही म्हणाले."

राजमहंमदला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. डोंगरावर रागावून काय उपयोग? मग रागही दमला.

"तुमचं काम वाया नाही गेलं," श्रेया चाचरत म्हणाली. "खाण होणार नाही, हेही कळावं लागतंच."

"हापिसात सांगायला बरं हाय ते, पोरी. घरी सांगायला न्हाई."

तिला फाट्यापर्यंत सोडून तो परसात आला. दानियाल मोरीला प्लॅस्टर करत होता.

"घमेलंभर माल दे. कबरस्तानात जायचंय."

दानियालनं थापी खाली ठेवली. "अब्बा, खाण निघंल तवा जानार व्हता तुमी."

"न्हाई निघायची."

दानियालनं घमेल्यात माल भरला. घमेलं त्यानं घेतलं, दगड बापानं कडेवर घेतला. कोणाला न देता राजमहंमद तो कबरस्तानापर्यंत घेऊन गेला. वाटेत त्याला चारदा थांबावं लागलं.

काळ्या धोंड्याशेजारी त्यानं पांढरा दगड बसवला. पायथ्याशी सिमेंट थापून हातानं सारखं केलं.

"थोडं थोडंच व्हतं, जोहरा," तो म्हणाला. "तू म्हनत व्हतीस तसंच."

दानियालनं मान फिरवली. राजमहंमदनं खिशातून खिळा काढला आणि ओल्या सिमेंटात वळणदार अक्षरात वर तिचं नाव कोरलं. हात सवयीनं खालच्या ओळीवर गेला, खोली लिहायची त्या ओळीवर, आणि तिथंच थांबला.

"अब्बा, माल सुकतोय."

मधली ओळ तशीच कोरी सोडून त्यानं त्याखाली तारीख घातली. तो पोचला नव्हता, त्या दिवसाची.