वीतभर कमी भरलेला पट्टा

मी मोजणीची एक जुनी साखळी आहे, मित्रांनो, आणि माझी लांबी बरोबर वीस मीटर आहे असं मी जन्मभर छातीठोकपणे सांगत आले. जाड तारेच्या शंभर कड्या, त्यांना जोडणारी बारीक वर्तुळं आणि दोन टोकांना दोन पितळी मुठी, एवढाच माझा पसारा. माझ्यासारख्या आता फारशा उरल्या नाहीत, म्हणून म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगावी.

कारखान्यातून मी थेट मृदसंधारणाच्या सरकारी कार्यालयात आले. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून जे शेतकरी बांध घालत, झाडं लावत किंवा ओढ्याकाठची जमीन न नांगरता गवताला सोडत, त्यांना तिथून अनुदान मिळे. पण सरकार कुणाच्या शब्दावर पैसे देत नाही. ते माझ्या शब्दावर देई, आणि या गोष्टीचा मला भारी ताठा होता.

माझे पहिले मोजणीदार मितभाषी होते. कार्यालयाच्या मागच्या अंगणात बरोबर वीस मीटरवर दोन दगड रोवलेले होते. प्रत्येक हंगामाआधी ते मला त्या दगडांवर ताणून बघत. वापरून वापरून माझी वर्तुळं झिजत आणि मी केसाकेसाने लांबत जाई. मग ते एखादं वर्तुळ काढून टाकत आणि मला पुन्हा मापात आणत. मला त्याचा राग येई. इतकी वर्षं इमानेइतबारे राबतेय, तरी यांचा विश्वास नाही, असं वाटे.

ते निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांचा माझ्यावर जीव जडला. रोज संध्याकाळी फडक्याने पुसणं, कडी न् कडी तेलाने चोळणं. साहेब स्वतःच्या डोक्याला तेल लावत नाहीत पण साखळीला लावतात, असं शिपाई म्हणे. जुन्या मोजणीदारांनी जाताना त्यांना दगडांचं सांगितलं होतं. पण तेवढ्यात गाड्या उभ्या करायला अंगणात फरशी घातली गेली आणि दगड तिच्याखाली गेले. नव्या साहेबांनी दोन-तीनदा विषय काढला. पुढच्या हंगामात बघू, असं ठरलं. असे सहा हंगाम गेले. मी लखलखत होते, आणि लांबतही होते.

सातव्या वर्षी आम्ही गवतवाल्या मावशींच्या शेतावर गेलो. बांधापासून ओढ्याच्या काठापर्यंतची आपल्या सगळ्यात कसदार जमिनीचा पट्टा त्यांनी तीन वर्षं गवताला सोडला होता, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. मावशी, गवताला कणसं कधी लागणार, असं लोक जाता-येता विचारत. मावशी म्हणत, तुमची वाहून आलेली माती माझ्या गवतात अडकली की लागतील. मुलाला मात्र ही थट्टा झोंबे. त्याला तिथे पीक हवं होतं. शेवटी मायलेकांत ठरलं की अनुदान मंजूर झालं तर पट्टा आईचा, नाही तर नांगर मुलाचा.

नियम होता, पट्टा रुंदीला वीस मीटरपेक्षा तसूभरही कमी नको. साहेबांनी माझी एक मूठ बांधाला टेकवली आणि दुसरी काठाकडे नेली. मी ताणले गेले. दुसरी मूठ काठाच्या पलीकडे गेली आणि पाण्यावर लोंबकळत राहिली.

"वीतभर कमी भरतंय, मावशी."

"मी दोरीने मोजलंय, साहेब. चार बोटं जास्तच सोडलीत."

"दोरी ओढली तशी वाढते. लोखंड वाढत नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला तर तोंडच नव्हतं. मुलगा बांधावर उभा होता. आईच खोटं मोजून बसली, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं. अनुदान नामंजूर झालं आणि आठ दिवसांत त्याने पट्टा नांगरला. मावशी त्या दिवशी घराबाहेर आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी ओढा फुगला. गवताची मुळं नव्हती, काठ धरून ठेवायला कुणी नव्हतं. बांधापर्यंतची निम्मी जमीन गेली.

त्यानंतर कार्यालयात मोजणीची पोलादी फीत आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. साहेबांनी सहज म्हणून आम्हा दोघींना शेजारी शेजारी अंथरलं. मी एक वीत आणि चार बोटं लांब निघाले.  मग साहेब मला पिशवीत घालून मावशींकडे आले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे पट्टा बरोबर होता?" मावशींनी विचारलं.

"बरोबर होता. चुकलो मी."

"मग हे माझ्या मुलासमोर सांगा."

मुलाला शेतातून बोलावलं. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मुलगा दारातच उकिडवा बसला आणि मातीने भरलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिला. साहेब अर्ज पुन्हा करून देतो म्हणाले. मावशींनी विचारलं, आता मोजणार काय? बांधापासून काठ जेमतेम अकरा मीटर उरला होता.

मला परत न्यायची कुणालाच गरज नव्हती. मावशींच्या गोठ्यात मी खुंटीवर आहे. समोर काठ दिसतो. मायलेकांनी मिळून त्या अकरा मीटरांत पुन्हा गवत पेरलंय, कुठल्याही योजनेत बसत नसताना. मुलगा आईशी पूर्वीपेक्षा हळू बोलतो. गेलेली माती मात्र गेली.

मित्रांनो, मला तेल कधी कमी पडलं नाही. तू अजून तेवढीच आहेस का, एवढं कुणी विचारायला हवं होतं. तुमच्याजवळ पट्टी असेल, तराजू असेल, घड्याळ असेल, तर ते पुसा, जपा, पण अधूनमधून पडताळूनही बघा. आणि कुणी म्हातारी म्हणाली, मी मोजलंय, तर पुन्हा एकदा मोजा. तोवर तिच्या गवतात नांगर घालू नका.