वर्ष सरायच्या आधीचा नाताळ

नाताळ हा आपला सण आहे की नाही, हा प्रश्न सुभद्राला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. काळाचौकीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये डिसेंबर लागला की मंडळाची पोरं दिवाळीचाच चांदणीचा कंदील माळ्यावरून काढायची आणि धूळ झटकून पुन्हा गेटवर टांगायची. कुणीतरी भायखळ्याहून केक आणायचं, लहान मुलं मंडळाच्या खोलीत नाच नाच नाचायची आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जायचे. त्यात आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे बघत बसायला वेळ कुणाला होता? पण यंदा तो प्रश्न थेट तिच्या ओट्यावर येऊन बसला आणि हलायचं नाव घेईना.

त्याचं कारण असं की यंदा घरात सण नव्हते. वैशाखात तिचे यजमान दौलतराव गेले. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले, जिन्यातच बसले आणि संपले. तेव्हापासून वर्षभर सण करायचा नाही, कढई चढवायची नाही, गोडधोड करायचं नाही, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. त्यांच्यात तसंच असतं. गणपतीला मंडळी गावी गेली नाहीत. दिवाळीत दाराबाहेर कंदील लागला नाही. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली आणि तिथेच सुभद्राच्या काळजात काटा रुतला. तिची नात मनू, तिसरीतली पोर, चकलीसाठी जीव टाकणारी, तिने एकाही ताटाला हात लावला नाही. "नको मला," एवढंच म्हणाली आणि चित्रं काढत बसली.

सुभद्राने त्याचा अर्थ लावला. दुसऱ्याच्या घरचा फराळ पोरीच्या घशाखाली उतरत नाही. आपल्या घरी काही झालं नाही, याचा तिने धसका घेतलाय. राखीपौर्णिमेला नारळीभात नाही, गणपतीत मोदक नाहीत, दिवाळीत करंजी नाही. आजोबा गेले ते गेले, वर एवढ्याशा पोरीचं सगळं वर्ष आपण सुनं करून टाकलं. तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला होता. हे वर्ष संपायच्या आत एक दिवस तरी मनूने आपल्या घरचं काहीतरी हसत खावं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं. रीत मोडायची छाती नव्हती आणि पोरीचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं.

अशात इरावतीचा मेसेज आला. इरावती तळमजल्यावर राहायची, मुलांचे कसले कसले वर्ग घ्यायची आणि तिचा उत्साह बघूनच माणसाला धाप लागायची. यंदा नाताळला बेकरीचा केक आणायचा नाही, असं तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं. मुलांनी घरातल्या मोठ्यांबरोबर, स्वतःच्या हाताने पौष्टिक खाऊ करून आणायचा. मैदा नाही, साखर नाही, तळलेलं नाही. मनूच्या गटात शेजारचा अनिश आणि वरच्या मजल्यावरचा हेरंब होते. आणि गटातलं मोठं माणूस म्हणून परस्पर नाव कुणाचं टाकलं होतं, तर सुभद्राचं.

"अगं, पण आपलं वर्ष नाही सरलं अजून," सुभद्रा सुनेला म्हणाली.

आकांक्षा लोअर परळच्या ऑफिसला निघायच्या घाईत होती. "आई, ख्रिसमस आहे तो. आपला सण थोडीच आहे? चालतं."

"आपला नाही, तर आपण करायचा कशाला?"

"मुलांसाठी हो. जस्ट मजा."

"मजा करायची म्हणजे सणच झाला की गं तो."

आकांक्षाने घड्याळ बघितलं. "मीटिंग आहे, आई. संध्याकाळी बोलू," म्हणत ती चपला घालून पसार झाली. मुलगा मयूर तर "मला नका विचारू, तुम्ही दोघी काय ते ठरवा" म्हणून टॉवेल घेऊन बाथरूममध्ये सटकला. अवघड प्रश्न आला की आंघोळीला जायचं, ही चाल त्याने बापाकडून जशीच्या तशी उचलली होती.

मग सुभद्रा बकुळावहिनींकडे गेली. बकुळावहिनी म्हणजे अनिशची आजी आणि रीतिभातीच्या बाबतीत बिल्डिंगचं हायकोर्ट. त्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"तळूचा नाय," त्यांनी जुडी बाजूला ठेवून निकाल दिला. "गोड करूचा नाय. बाकी पोटाक लागता ता करूक कोण नाय म्हणता?"

"पण वयनी, नाताळ म्हणजे सण आसा की नाय?"

"तेंचो आसा. आपलो नाय." एवढं ठणकावून सांगितल्यावर बकुळावहिनींना स्वतःलाच शंका आली. "पण शाळेक सुट्टी आसता," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी मेथीची पाच-सहा पानं उगाच देठासकट पातेल्यात टाकली. "माका नको गो विचारू. नाताळाचा माका कोणी कधी विचारल्यानच नाय."

हायकोर्टानेच हात वर केल्यावर सुभद्राने काय करावं? घरी येऊन तिने चष्मा लावला आणि इरावतीचा मेसेज पुन्हा वाचला. साखर नाही. तळलेलं नाही. ती थबकली. हे तर शब्दाला शब्द तिचेच नियम होते! ह्या इरावतीच्या घरी पण कोण गेलं की काय, असंच तिच्या मनात आलं आणि इरावतीबद्दल जीव कळवळला. संध्याकाळी आकांक्षाने समजावलं की तसं काही नाही, हे सगळं तब्येतीसाठी असतं, मुलांच्या दातांसाठी, वजनासाठी. सुभद्राचा त्यावर विश्वासच बसेना. घरात सगळे धडधाकट असताना, सणाच्या दिवशी, लोक आपणहून हे करतात? हौसेने? सुतक नसताना?

पण तेवढ्यात तिला वाट सापडली. तळलेलं नसेल, साखर नसेल, तर त्याला सणाचं म्हणायचंच कशाला? आणि सणाचं नसेल, तर मनूला ते खायला घातल्याने बिघडलं काय? रीत राहिली तिथे राहिली आणि पोरीचा दिवस साजरा झाला. आपलं डोकं अजून चालतं, या विचाराने ती मनातल्या मनात खूश झाली. ती खुशी खजुरापर्यंतच टिकली.

कारण साखर नाही म्हटल्यावर खाऊ कशाने गोड होणार? खजुराने. मग खजूर गोडात धरायचा की नाही? रात्रभर नाही म्हटलं तरी घटकाभर तिने यावर डोकं शिणवलं. शेवटी ठरवलं, खजूर हे फळ. उपासाला चालतं. केळंही फळच. झाडालाच ते गोड करून द्यायचं असेल, तर त्यात आपला काय दोष?

चोवीस तारखेला दुपारी तिन्ही मुलं ओट्यापाशी हजर झाली. सुभद्राने नाचणीचं पीठ खमंग भाजून ठेवलं होतं, दुधात खजूर भिजवले होते. हेरंबने केळी कुस्करली आणि अर्धं केळं स्वतःच्या शर्टावर घेतलं. अनिशने वेलची कुटली. मनूने खजुराचं वाटण, केळं, दही आणि पीठ एकत्र ढवळलं, अगदी मन लावून, जीभ दातांत धरून. तिच्याकडे बघून सुभद्राला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी पोरीने स्वयंपाकघरात पाय ठेवला होता.

आप्पेपात्राला तुपाचं बोट फिरवून तिने मिश्रण घातलं, वर झाकण ठेवलं. वेलचीचा आणि भाजक्या नाचणीचा वास गॅलरीभर गेला. समोरच्या दारातून कुणीतरी हाक मारली, "काय केलंस गं, सुभद्रा?"

"काही नाही, नाचणी!" ती घाईघाईने ओरडली आणि खिडकी लावून घेतली.

गोल गोल आप्पे निघाले तशी मुलं ते सजवायला तुटून पडली. प्रत्येकावर स्ट्रॉबेरीची लाल टोपी, तिळाचे डोळे आणि ओल्या खोबऱ्याची दाढी. सांताक्लॉज म्हणे. सुभद्राने एक हातात घेऊन निरखला.

"हा त्यांचा देव का रे?"

"नाही हो आजी," हेरंब म्हणाला. "देव वेगळा. हा गिफ्ट देतो."

"म्हणजे साधू?"

"साधू नाही. त्याची फॅक्टरी आहे."

"मग ह्याला नैवेद्य दाखवायचा की नाही?"

अनिशने बराच विचार केला. "त्याच्यासाठी दूध ठेवतात रात्री," तो म्हणाला. "पण आपण त्यालाच बनवलंय. त्याला तोच कसा देणार?"

सुभद्राने डोक्याला हात लावला. ज्याचा सण त्याला दाखवायचं नाही, ज्याला बनवलंय तो देव नाही, आणि गेलेल्या ह्यांच्या नावाने एक बाजूला काढून ठेवावा, तर मग हा सणच झाला म्हणायचा! तिने काहीच काढून ठेवलं नाही आणि मग काढलं नाही म्हणून तिला चुटपुट लागली. तोवर हेरंबने दोन सांता गट्टम केले होते, अनिशने तीन. "भारी झालेत, आजी!" म्हणत दोघांनी उरलेलं ताट उचललं आणि मंडळाच्या खोलीकडे धूम ठोकली. बशीत चार-पाच मागे राहिले. आणि मनू राहिली.

तिने एकही खाल्ला नव्हता.

"आता तरी खा की गं," सुभद्रा म्हणाली. "आपल्या घरी केलंय, तुझ्या हाताने. तुझ्यासाठीच तर केलं."

मनूने मान हलवली. दिवाळीत हलवली होती तशीच.

"बरं नाही का वाटत? पोटात दुखतंय?"

"नाही."

"आवडलं नाही का? अगं, चाखून तरी बघ."

"तू पण नाही खाल्लास."

"माझं सोड. मी वर्षभर गोड सोडलंय. लहान मुलांना तसलं काही नसतं."

मनूने बोटाला लागलेलं खोबरं फ्रॉकला पुसलं. "मी खाल्लं, की सण होणार," ती हळूच म्हणाली. "आणि सण झाला, की आजोबा जाणार."

सुभद्राला कळेना. "अगं बाळा, आजोबा तर..."

"नाही गेले. बकुळाआजीने सांगितलं मला. वर्षभर आजोबा आपल्या दारातच असतात. वर्ष सरलं की ते वर जातात आणि मग आपल्याकडे सण सुरू होतात." मनूने बशी लांब सारली. "म्हणून मी कुठेच काही खाल्लं नाही. शाळेत वाढदिवसाचा केक पण नाही. मी खाल्लंच नाही, तर सण कसा होईल?"

सुभद्रा ओट्याला टेकून उभी राहिली. इतके महिने तिला वाटत होतं, पोर सणासाठी झुरतेय. आणि पोर दारात राखण करत बसली होती. मोदकाला नाही म्हणत, चकलीला नाही म्हणत, एकटीने, कुणाला न सांगता. आणि मी आजी म्हणवणारी, तिला खाऊ घालायच्या युक्त्या शोधत होते! तिला स्वतःचा संताप आला. पण त्या संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती आता लपेना. वैशाख यायला नको, असं तिलाही वाटत होतं. रीत, रीत म्हणून ती जे गच्च धरून बसली होती, ते मनूपेक्षा निराळं काय होतं?

पोरीला काय सांगावं? ते केव्हाच गेले म्हणावं, तर एवढ्या महिन्यांची राखण फुकट गेली. अजून दारात आहेत म्हणावं, तर ती जन्मभर उपाशी बसेल. बकुळावहिनींना हाक मारावी का? त्यांनी तर हा घोळ घालून ठेवला होता. ना त्यांच्या नियमात याचं उत्तर होतं, ना इरावतीच्या.

"मला नाही माहीत गं, मनू," सुभद्रा म्हणाली. "खरंच नाही माहीत."

मनूने चमकून वर पाहिलं. मोठ्या माणसाने असं म्हटलेलं तिने बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मग?"

"मग बघू या. आधी मी खाते."

"आजी, नको!"

पण सुभद्राने बशीतला एक सांता उचलला, दाढी वाकडी झालेला, आणि तोंडात टाकला. इतक्या महिन्यांनी जिभेला गोड लागलं. स्ट्रॉबेरीचा आंबटपणा आला, मागून खजूर आला, नाचणीची चव आली. आणि त्याबरोबर दौलतराव आले. गोडाचं काहीही केलं की पहिला घास घेऊन हात पुढे करायचे, "एवढंच?" म्हणायचे आणि ती दरवेळी चिडायची. तिला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. पदर तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली.

मनूने तिची साडी मुठीत पकडली होती. "आजी," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आहेत?"

सुभद्राने डोळे मिटले. रोज सकाळी उठल्याबरोबर ह्यांच्या आठवणीने छातीत जिथे दुखायचं, तिथे अजून तसंच दुखत होतं.

"आहेत," ती म्हणाली. "आहेत गं. तस्सेच आहेत."

आजी खोटं तर बोलत नाही ना, म्हणून मनूने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग तिने आ केला.